हात नसलेले बाबा: प्रक्षेपण चाचण्यांवर किती विसंबायचं?

प्रश्न एका आईचा आहे, थोडक्यात सांगते. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. वर्गात लक्ष नसतं, वह्या अर्धवट, मधल्या सुट्टीत मारामाऱ्या. शाळेच्या समुपदेशकांनी त्याला कोरे कागद देऊन घर, झाड आणि माणसं काढायला सांगितली आणि आठवड्याभरात दोन पानी अहवाल हातात ठेवला. घराला खिडक्या नाहीत, म्हणजे मूल घरात मोकळं नाही. झाडाच्या खोडावर ढोली आहे, म्हणजे पूर्वीचा आघात. बाबांना हात काढलेले नाहीत, म्हणजे वडिलांविषयी दबलेली भीती. शेवटी शिफारस: 'सखोल व्यक्तिमत्त्व मापनासाठी रोर्शाक चाचणी करून घ्यावी', म्हणजे शाईचे डाग दाखवून 'काय दिसतं' असं विचारण्याची चाचणी. आई विचारतात, हे कितपत खरं मानायचं? यावर काही संशोधन झालंय की नुसते आडाखे? बाबा दोन रात्री झोपलेले नाहीत.

आधी उत्तर देते, मग कारणं. ती तिन्ही वाक्यं बाजूला ठेवा. त्यांच्यामागे टिकेल असा पुरावा नाही. रोर्शाक करू नका, निदान या कामासाठी तरी नको. आणि बाबांना झोपू द्या.

आता कारणं. मी बावीस वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजीत आहे. या चाचण्या शिकले, पुढे एम.फिल.च्या मुलांना शिकवल्या, आणि यातल्या एक-दोन आजही वापरते. त्यामुळे 'हे सगळं थोतांड आहे' असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण 'प्रक्षेपण चाचणी म्हणजे मनाचा एक्स-रे' हे वाक्य कार्यशाळेत ऐकलं की मी उठून चहाला जाते.

प्रक्षेपण हा शब्द या चाचण्यांना चिकटला तो १९३९ साली. लॉरेन्स फ्रँक या अमेरिकन अभ्यासकाने एका लेखात कल्पना मांडली, की माणसासमोर अस्पष्ट, अर्थ न ठरलेलं काही ठेवलं तर तो स्वतःचं आतलं जग त्यावर उमटवतो, जसा प्रोजेक्टर पडद्यावर चित्र टाकतो. कल्पना देखणी आहे. तिने एका पिढीला वेड लावलं. शाईचे डाग, धूसर चित्रं, अर्धी वाक्यं, मुलांची चित्रकला असं सगळं एकाच गोणीत भरलं गेलं. खरं तर या गोष्टी एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत आणि त्यांच्याबद्दलचा पुरावाही तितकाच वेगवेगळा आहे. 'प्रक्षेपण चाचण्या चालतात का' या प्रश्नाला म्हणूनच एका वाक्यात उत्तर नाही.

तुमच्याकडे झाली ती चित्रांची चाचणी. जॉन बक यांची घर-झाड-माणूस चाचणी १९४८ची, कॅरेन मॅकोव्हर यांचं माणसाच्या चित्रावरचं पुस्तक १९४९चं. मोठे डोळे म्हणजे संशयी वृत्ती, मोठं डोकं म्हणजे बुद्धीची चिंता, ढोली म्हणजे आघात, हे सगळं तिथून आलं. ही चिन्हं क्लिनिकमध्ये बसून, मनोविश्लेषणाच्या चौकटीतून सुचलेली होती. सुचण्यात काही गैर नाही, सुचल्यावर तपासायला हवं. स्वेन्सन यांनी १९५७मध्ये तोवरचे अभ्यास तपासले आणि मॅकोव्हरच्या बहुतेक चिन्हांना आधार सापडला नाही. १९६८मध्ये त्यांनीच पुन्हा आढावा घेतला. सुट्या चिन्हांची परिस्थिती तशीच होती, चित्राच्या एकूण दर्जावरून मात्र थोडंफार कळत होतं. यात एक साधी गोम आहे: एकूण दर्जा म्हणजे बऱ्याच अंशी चित्रकलेचा हात. ज्याला चित्र काढता येत नाही त्याचं चित्र 'विस्कळीत' दिसतं, आणि विस्कळीत चित्र म्हणजे विस्कळीत मन असं वाचायला वेळ लागत नाही.

हात काढणं अवघड असतं. कुठल्याही चित्रकलेच्या शिक्षकांना विचारा. मुलं हात पाठीमागे लपवतात, खिशात घालतात, फुल बाह्यांत संपवतात. नऊ वर्षांच्या मुलाने हात टाळणं ही माझ्या टेबलावर रोजची गोष्ट आहे. चित्रावरून मुलाच्या बौद्धिक वाढीचा ढोबळ अंदाज बांधायची वेगळी परंपरा आहे. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी ती १९२६मध्ये सुरू केली आणि प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी तिचं रूप बडोद्यात तयार केलं. तिथेही हात काढले तर गुण मिळतात, पण हात नाहीत म्हणून वडिलांवर शंका घ्या असं तिथे कुणी म्हणत नाही. त्या गुणांकाला बुद्ध्यांक समजू नये, हेही आता बऱ्यापैकी स्पष्ट झालंय.

मग इतकी शिकली-सवरलेली माणसं ही चिन्हं अजून का वापरतात? 'आमचा अनुभव आहे' असं ती म्हणतात आणि प्रामाणिकपणे म्हणतात. याचं उत्तर देणारा एक प्रयोग मी दर वर्षी वर्गात तपशीलवार सांगते, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातला तो सर्वांत मोलाचा आहे.

लोरेन आणि जीन चॅपमन हे नवरा-बायको संशोधक. १९६७मध्ये त्यांनी आधी अनुभवी क्लिनिशियनना विचारलं, अमुक तक्रारीचा रुग्ण माणसाचं चित्र काढतो तेव्हा तुम्हाला काय दिसतं? उत्तरं ठरलेली आली. संशयी माणूस डोळे विचित्र काढतो, पुरुषत्वाची काळजी असलेला रुंद खांदे काढतो, बुद्धीची काळजी असलेला मोठं डोकं काढतो. मग त्यांनी ४५ चित्रं घेतली आणि प्रत्येकाखाली 'हे काढणारा संशयी आहे', 'याला आपल्या बुद्धीची काळजी वाटते' अशा तक्रारी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या लावल्या. म्हणजे डोळे आणि संशय यांचा त्या गठ्ठ्यात काडीचाही संबंध नव्हता. हा गठ्ठा त्यांनी कॉलेजच्या मुलांना दाखवला. या चाचणीची काही माहिती नसलेली मुलं. विचारलं, कोणत्या तक्रारीसोबत चित्रात काय दिसलं? मुलांनी बरोबर तेच 'शोधून काढलं' जे क्लिनिशियननी सांगितलं होतं. संशयी लोकांचे डोळे मोठे. पुढे बक्षिसाचं आमिष दाखवलं, चित्रं पुन्हापुन्हा बघू दिली, एका फेरीत तर चित्रं आणि तक्रारी मुद्दाम उलट्या लावल्या. भ्रम थोडा कमी झाला, गेला नाही.

म्हणजे डोळे आणि संशय यांचं नातं चित्रात नव्हतं, ते आधीच डोक्यात होतं. 'संशयाने डोळे वटारून बघणं' हा वाक्प्रचार भाषेत असतो, तो आपण कागदावर लादतो. प्रक्षेपण झालं खरं, पण करणारा रुग्ण नव्हता, तपासणारा होता.

चॅपमन दांपत्याने १९६९मध्ये हेच रोर्शाकवर करून पाहिलं. त्या काळी समलैंगिकता हा आजार मानला जाई (अमेरिकन मानसोपचार संघटनेने तो शेरा १९७३मध्ये काढला), आणि ती 'ओळखण्यासाठी' काही चिन्हं वापरली जात. क्लिनिशियननी ज्या चिन्हांवर भरवसा ठेवला ती ऐकायला पटणारी होती आणि अभ्यासात निरुपयोगी ठरलेली होती. ज्या दोन चिन्हांना त्या वेळच्या संशोधनात थोडा आधार होता त्यांचं नाव जवळजवळ कुणीच घेतलं नाही, कारण ती ऐकायला पटणारी नव्हती. जे पटतं ते दिसतं, जे दिसतं ते 'अनुभव' म्हणून साठतं, आणि वीस वर्षांच्या अनुभवाने चूक आणखी घट्ट होते.

स्वतःचंही सांगते. प्रशिक्षणार्थी असताना वॉर्डातल्या एका मुलीची चित्रं मी वाचली होती. गडद, दाबून केलेलं शेडिंग, घराच्या भिंती जवळजवळ काळ्या. 'तीव्र चिंता, दडपलेला राग' असं दीड पान लिहून मी केस कॉन्फरन्सला गेले. आमच्या मॅडमनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, पेन्सिल कोणती दिलीस? मी दिली नव्हतीच, वॉर्डातल्या मावशींनी दिली होती. कुठल्याशा दुरुस्तीच्या कामातून राहिलेली सुताराची चपटी पेन्सिल. तिने हलकी रेघ काढायची म्हटली तरी निघत नाही. मॅडम रागावल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी एचबी पेन्सिल घेऊन परत जा, एवढंच म्हणाल्या. नव्या चित्रात भिंती साध्या होत्या, आणि दारात एक मांजर होतं.

चित्रांचं प्रकरण संपवण्याआधी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. चित्रावरून मुलावर अत्याचार झालाय का हे ओळखता येत नाही. २०१२मध्ये ॲलन आणि टसी यांनी यावरचं उपलब्ध संशोधन एकत्र तपासलं. अत्याचार झालेली आणि न झालेली मुलं भरवशाने वेगळी काढणारं एकही चिन्ह किंवा गुणांकन पद्धत त्यांना मिळाली नाही. आपल्याकडे २०१२मध्येच पॉक्सो कायदा आला आणि तेव्हापासून शाळा योग्य कारणाने सतर्क झाल्या आहेत. पण मुलाने काही सांगितलं, अंगावर खुणा दिसल्या, वागणं अचानक बदललं, तर त्यावर कृती करायची असते. खोडावरच्या ढोलीवर नाही. ढोलीच्या आधाराने एका घरावर संशय धरला जातो आणि खरोखर त्रासात असलेलं मूल, ज्याने छान खिडक्यांचं घर काढलं, ते सुटून जातं.

आता रोर्शाक. ही कहाणी जास्त गुंतागुंतीची आहे, आणि मला जास्त आवडणारीही.

हर्मान रोर्शाक हा स्विस मनोविकारतज्ज्ञ, चित्रकलेच्या शिक्षकाचा मुलगा. शाळेत त्याचं टोपणनावच 'क्लेक्स', म्हणजे शाईचा डाग. कागदावर शाई टाकून घडी घालायची आणि आकृती बघायची हा तिकडे मुलांचा खेळ होता. १९२१मध्ये त्याने दहा डागांचं पुस्तक काढलं. पाच काळी-करडी कार्डं, दोनांत लाल रंग, तीन रंगीत. मागे ४०५ लोकांचा अभ्यास होता. पुस्तक फारसं खपलं नाही, आणि पुढच्याच वर्षी, १९२२च्या एप्रिलमध्ये, तो आतड्याच्या दुखण्याने सदतिसाव्या वर्षी गेला. छापखान्यात डागांमध्ये फिकट-गडद छटा उतरल्या, ज्या त्याच्या मूळ चित्रांत तशा नव्हत्या. त्याला त्या उलट आवडल्या. पुढच्या पिढ्यांनी त्या छटांना चिंतेचे आणि आपुलकीच्या भुकेचे अर्थ दिले. मला इथे दर वेळी सुताराची पेन्सिल आठवते.

महत्त्वाचं हे, की रोर्शाकने याला प्रक्षेपणाची चाचणी म्हटलंच नव्हतं. त्याच्या लेखी हा आकलनाचा प्रयोग होता. माणसाला काय दिसतं यापेक्षा तो कसा बघतो याकडे त्याचं लक्ष होतं: पूर्ण डाग धरतो की कोपरा, आकाराशी जुळेल असं सांगतो की रंगाने वाहून जातो. प्रक्षेपणाचा बिल्ला त्याच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी लागला.

चाचणी देताना आम्ही समोर बसत नाही, बाजूला बसतो. कार्ड हातात देतो आणि एवढंच विचारतो, 'हे काय असू शकेल?' माणूस जे बोलेल ते शब्दाला शब्द लिहायचं, 'हं' आणि 'अगं बाई'सकट, कार्ड कसं फिरवलं तेही. दहा कार्डं झाली की दुसरी फेरी: 'हे कुठे दिसलं? काय बघून तसं वाटलं?' मग दोन-तीन तास गुणांकन. कोणत्या कार्डावर लोकांना काय दिसतं हे मी इथे लिहिणार नाही. २००९मध्ये विकिपीडियावर दहाही डाग आले तेव्हा बराच गदारोळ झाला होता, त्यात मला भर घालायची नाही.

रोर्शाक गेल्यावर अमेरिकेत एकाच चाचणीच्या पाच पद्धती झाल्या, पाचही एकमेकींशी न पटणाऱ्या. जॉन एक्सनर यांनी १९७४मध्ये त्यांतलं टिकाऊ निवडून एक एकत्रित पद्धत बांधली, आणि पंचवीस वर्षं आम्ही सगळे तिच्या टेकूवर होतो. मग तडे दिसले. ज्यांच्याशी तुलना करून 'सामान्य' काय ते ठरवायचं, त्या एक्सनर यांच्या ७०० प्रौढांच्या संदर्भ नमुन्यात २२१ नोंदी चुकून दोनदा मोजल्या गेल्या होत्या. त्याहून गंभीर म्हणजे, इतरांनी निरोगी लोकांवर चाचणी केली तेव्हा त्या प्रमाणकांच्या फूटपट्टीवर धडधाकट माणसंही आजारी दिसू लागली. हॉवर्ड गार्ब यांनी १९९९मध्ये क्लिनिक आणि कोर्टात रोर्शाकचा वापरच थांबवा अशी मागणी केली. २०००मध्ये लिलियनफेल्ड, वुड आणि गार्ब यांचा सविस्तर आढावा आला, आणि आमच्या क्षेत्रात उभी फूट पडली. परिषदांमध्ये लोक एकमेकांशी बोलेनासे झाले म्हणतात.

दुसऱ्या बाजूने आकडे आले. १९९९च्या एका मेटा-ॲनालिसिसमध्ये, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेल्या तपासणीत, रोर्शाकचा बाहेरच्या निकषांशी सरासरी सहसंबंध ०.२९ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), आणि एमएमपीआय या व्यक्तिमत्त्वाच्या नावाजलेल्या प्रश्नावलीचा ०.३०. म्हणजे फार फरक नाही. पण सरासरी आकडा इथे फसवतो, कारण रोर्शाकमध्ये डझनावारी वेगवेगळे गुणांक आहेत. काही चांगले, काही रद्दी. खरी उकल २०१३मध्ये झाली. जोनी मिहुरा आणि सहकाऱ्यांनी एक्सनर पद्धतीतले ६५ मुख्य गुणांक एकेक करून तपासले. निदान, इतरांचं निरीक्षण, प्रत्यक्ष वर्तन अशा बाहेरून मिळालेल्या निकषांशी सरासरी ०.२७. माणसाने स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावल्यांशी जेमतेम ०.०८. आणि आतली क्रमवारी बघण्यासारखी होती: विचार भरकटतात का, समोरची वस्तू नीट ओळखली जाते का, विचारात किती गुंतागुंत आहे, हे मोजणारे गुणांक भक्कम ठरले. मानसविकृतीत, ज्याला आपण सायकोसिस म्हणतो, ते खरोखर कामाला येतात. नैराश्य मोजण्याचा दावा करणारा निर्देशांक मात्र नैराश्य ओळखण्यात वारंवार तोकडा पडला होता, आणि २०११मध्ये आलेल्या आर-पास या नव्या पद्धतीत तो ठेवलाच नाही. २०१५मध्ये टीकाकारांनीही विचार आणि आकलन मोजणाऱ्या गुणांकांपुरती आपली बंदीची मागणी मागे घेतली. आमच्या क्षेत्रात कुणी असं लेखी कबूल करणं दुर्मिळ, म्हणून त्या गटाबद्दल माझा आदर वाढला.

जे टिकलं ते बघा. माणूस अवघड, अस्पष्ट काम हाती आल्यावर ते कसं हाताळतो, एवढंच टिकलं. रोर्शाकला हेच मोजायचं होतं. 'हा आकार म्हणजे आई, तो आकार म्हणजे वडील' हे सगळं गळून पडलं. एखाद्याला कामावर घेताना अर्ध्या तासाचं काम करून दाखवायला सांगतात, तसं रोर्शाक वाचावं. कुंडलीसारखं वाचलं की घोटाळा.

कुंडलीसारखं वाचण्याचं सर्वांत जुनं उदाहरण न्यूरेंबर्गचं. १९४५-४६मध्ये खटल्याच्या काळात नाझी नेत्यांना रोर्शाक दिली गेली. मनोविकारतज्ज्ञ केली आणि मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट, दोघे त्याच तुरुंगात, त्याच माणसांसोबत. एकाने निष्कर्ष काढला की ही आपल्यासारखीच माणसं आहेत, दुसऱ्याने म्हटलं की ही विकृत आहेत. १९७६मध्ये मॉली हॅरोअर यांनी ते प्रोटोकॉल, म्हणजे उत्तरांच्या नोंदी, इतरांच्या प्रोटोकॉलमध्ये मिसळून, नावं झाकून तज्ज्ञांना दिले. तज्ज्ञांना नाझी वेगळे काढता आले नाहीत.

आपल्याकडची अडचण आणखी एक. २००७मध्ये १७ देशांतल्या २१ गटांचे, ४,७०४ प्रौढांचे एकत्रित संदर्भ आकडे प्रसिद्ध झाले. त्या सतरांत भारत नाही. मुलांचे आकडे तर देशोदेशी इतके वेगळे निघाले की ते मुलांसाठी वापरताना जपून राहा असं संपादकांनीच बजावलं. तुमच्या मुलासाठी रोर्शाक नको म्हणण्याचं हे माझं पहिलं कारण. रोजच्या कामात हे कसं जाणवतं ते सांगते. माझ्याकडच्या बायकांना डागांत कोयरी दिसते, हळदीकुंकवाचा करंडा दिसतो. कोणता आकार डागाशी जुळतो हे ठरवणाऱ्या अमेरिकन तक्त्यात कोयरी नाही. मग तो आकार 'चांगला' धरायचा की 'विकृत'? मी जवळचा आकार शोधते, कारण लिहून ठेवते आणि पुढे जाते. घाईतला कुणी 'विकृत' टाकतो, आणि अशा चार कोयऱ्या जमल्या की एका शहाण्या बाईच्या अहवालात 'वास्तवाचं भान सैल' असं छापून येतं. लाल रंगाचंही तसंच. पुस्तकांत तो रक्त असतो. आमच्याकडे तो गुलालही असतो.

चित्र बघून गोष्ट सांगायची चाचणी, म्हणजे थीमॅटिक ॲपरसेप्शन टेस्ट, आम्ही टॅट म्हणतो. हेन्री मरे आणि ख्रिस्तियाना मॉर्गन यांचा पहिला लेख १९३५चा. १९४३च्या संचात ३१ कार्डं, त्यांतलं एक कोरं. भारतीय चेहरे आणि प्रसंग घेऊन उमा चौधरी यांनी इथलं रूप केलं. क्लिनिकमध्ये टॅट जशी वापरली जाते, म्हणजे चार गोष्टी ऐकून 'आईबद्दल द्विधा भावना' लिहिणं, तिला आधार नाही. बहुतेक जण गुणांकन करतच नाहीत. पण काटेकोर नियम लावून गोष्टीतले विषय मोजले तर चित्र पालटतं. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी गोष्टींतून कर्तृत्वाची ओढ मोजायची रीत बसवली. प्रश्नावलीत विचारलेली महत्त्वाकांक्षा आणि गोष्टींतून मोजलेली ओढ यांचा एकमेकींशी फार थोडा संबंध निघतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या गोष्टींचा अंदाज देतात. स्पँगलर यांच्या १९९२च्या आढाव्यात, १०५ लेखांवरून, हे बऱ्यापैकी पक्कं झालं. यातला एक धागा आपल्या देशातला आहे: १९६४-६५मध्ये मॅक्लेलंड यांच्या गटाने आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या संस्थेत नेऊन हीच ओढ वाढवायचं प्रशिक्षण दिलं, आणि पुढच्या काळात प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा त्यांनी जास्त नवे उद्योग उभे केले.

टॅट म्हटलं की महाराष्ट्रातल्या मुलांना क्लिनिक आठवत नाही, एसएसबी आठवते. सैन्याधिकारी निवडीत बारा चित्रं, शेवटचं कोरं. तीस सेकंद बघायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची. त्यानंतर साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. यासाठी क्लासेस आहेत, आणि तिथे गोष्टी घोटून घेतल्या जातात: नायक तरुण, अडचण येते, तो मित्रांना जमवतो, पूल बांधतो. माझा भाचा तयारी करत होता तेव्हा त्याच्या वहीत मी असे नऊ पूल मोजले. अस्पष्ट चित्रावर माणूस आपलं मन उमटवतो हे गृहीतक क्लासच्या फीपुढे किती टिकतं ते तुम्हीच ठरवा.

वाक्यपूर्तीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे भांडण कमी आहे. रॉटर यांची १९५०ची चाळीस अर्धी वाक्यं, सॅक्स यांची साठ, आणि लोव्हिंजर यांची प्रौढत्वाची पातळी मोजणारी छत्तीस. ठरलेल्या नियमांनी तपासली तर रॉटर आणि लोव्हिंजर दोन्ही चांगल्या चालतात. सॅक्स मी मुलाखतीची सुरुवात म्हणून वापरते. माणूस 'घरी गेल्यावर मला...' पुढे 'परत निघावंसं वाटतं' लिहितो तेव्हा गूढ काही नसतं, त्याने सरळ सांगितलेलं असतं. पुढचा प्रश्न आपण विचारायचा.

आता तुमच्या मुलाकडे. लक्ष नाही, वह्या अर्धवट, मारामाऱ्या. मी असते तर या क्रमाने बघितलं असतं: आधी डोळे आणि कान तपासून घ्या, हसू नका, फळा न दिसणारी मुलं मी दर जूनमध्ये बघते. मग झोप. मग वाचन-लेखन वयाला साजेसं आहे का, कारण चौथीत अभ्यास एकदम जड होतो आणि वाचनाची अडचण तिथे उघडी पडते. मग लक्ष आणि चंचलता, पण त्यासाठी आई-वडील आणि वर्गशिक्षक अशा दोन्ही ठिकाणची माहिती लागते, ठरलेल्या प्रश्नावल्या असतात. वर्गात कुणी त्याला छळतंय का, तेही. हे सगळं पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे किंवा बालविकास केंद्रात होतं. त्यांना वाटलं तर ते चित्रही काढायला लावतील, मीही लावते. चित्राने मूल मोकळं होतं, बोलायला विषय मिळतो. मी फक्त विचारते, 'हे काय चाललंय इथे?' आणि गप्प बसते. एकाने मला सांगितलं होतं की बाबा स्कूटर चालवतायत, स्कूटर कागदात मावली नाही.

शाळेशी भांडू नका, पण लेखी विचारा: चाचणी कुणी घेतली, त्यांची पात्रता काय, कोणत्या गुणांकन पद्धतीने तपासली, आणि चित्रांशिवाय हे निष्कर्ष कशावर आधारले? अहवाल मुलाच्या फाइलमध्ये ठेवला असेल तर तुमची हरकतही त्याच फाइलमध्ये लावायला सांगा, नाहीतर सहावी-सातवीत नवे शिक्षक तो वाचतील आणि 'वडिलांविषयी दबलेली भीती' हे वाक्य मुलासोबत वर्ग चढत जाईल. मूळ चित्रांच्या झेरॉक्स मागून घ्या, पुढच्या तज्ज्ञांना त्या लागतील. घरी मुलाला 'बाबांना हात का नाही काढलेस?' असं कृपा करून विचारू नका. बाबांनी तर मुळीच नाही.